चौथे दार

ठाणे शहरातील मासुंदा तळ्याभोवती एक फेरी मारावयास फारसा वेळ लागत नाही. तेवढ्या वाटेत तीन दारे लागतात. एक कौपिनेश्वराच्या जुन्या मंदिराचे, दुसरे संत योहान बाप्तिस्ता यांच्या चर्चचे आणि तिसरे १९७८ साली उभ्या राहिलेल्या राम गणेश गडकरी रंगायतनाचे. सेमिनरीत असताना सुट्टीत येता-जाता आम्ही त्या तळ्याच्या कठड्यावर अनेकदा बसलो आहोत. मंदिराची घंटा, चर्चची घंटा आणि नाटकाची तिसरी घंटा, अशा तीन घंटांच्या मध्ये ते तळे शांत पडलेले असे. माणसांनी एकत्र जमावे, ऐकावे, पाहावे, क्वचित डोळे टिपावेत आणि मन हलके करून घरी परतावे, एवढ्यासाठी शहराला ही तीन दारे पुरेशी आहेत, असे त्या वयात वाटे.

चौथ्या दाराची ओळख आम्हांस पन्नाशी उलटल्यावर झाली, आणि तीही एका चुकीच्या निमित्ताने. ती चूक दुसऱ्या कुणाची नव्हती, आमचीच होती. वाचकांपैकी कुणी धर्मगुरू असतील, कुणी आईवडील असतील. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ती येथे मांडतो.

खर्डी हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील स्थानक. आसनगाव मागे पडले, आटगाव मागे पडले, की डोंगर जवळ येऊ लागतात आणि डब्यातली गर्दी विरळ होते. शहापूर तालुक्याच्या या पट्ट्यातून मुंबईला पाणी जाते. तानसा धरणाचे पाणी १८९२ साली मुंबईस पोहोचले. पुढे वैतरणा आणि भातसाही त्या कामी आल्या. आमच्या वाड्यापाड्यांवर मात्र वैशाखात बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. पाण्यामागोमाग आमची मुलेही मुंबईला जातात. पहाटेच्या गाडीत बसतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. कुणी इस्पितळात आहे, कुणी हॉटेलात, कुणी इमारतीच्या दारावर पहारेकरी. शंभर किलोमीटरहून अधिक अंतर जाताना कापायचे आणि तेवढेच येताना. त्यांचे अर्धे तारुण्य त्या लोकलच्या खिडकीशी जाते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्यांपैकीच एक मुलगा आमच्या गायकवृंदात होता. त्याचे नाव येथे लिहीत नाही. गाण्यापेक्षा त्याचे लक्ष तारांकडे अधिक. आमच्या प्रार्थनामंदिरातील ध्वनिवर्धक दर दोन महिन्यांनी बंद पडे, आणि हा मुलगा तो उघडून बसे. नाताळच्या नाट्यप्रवेशात गोठ्यावर निळा प्रकाश कसा पाडावा हे त्यानेच शोधून काढले होते. पतंगाचा निळा कागद आणि साधा बल्ब एवढेच साहित्य. दोन वर्षांपूर्वी त्याला मुंबईत लोअर परळ भागात, एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या कलागृहात प्रकाश आणि ध्वनीच्या कामावर मदतनीस म्हणून नोकरी मिळाली. तेथे नाटके होतात, गाण्याच्या बैठकी होतात आणि शनिवारी रात्री नाचगाणे. घरी पगार येऊ लागला. आम्हीही मोकळ्या मनाने त्याला आशीर्वाद दिला.

पुढे एके दिवशी त्याची आई आमच्याकडे आली. ओसरीवर बराच वेळ ती काही बोलेचना. मग म्हणाली, "फादर, पोरगा शनवारी रातचा घरी येत नाय. सकाळी येतो. तिथं दारू विकतात म्हणं. तुम्हीच सांगा त्याला, माझं काय ऐकत नाय." एवढे बोलून ती थांबली. अधिक बोलण्याची गरजही नव्हती. तिच्या नवऱ्याला आम्हीच मातीस दिले होते, आणि तो ऐन चाळिशीत का गेला हे साऱ्या वस्तीला ठाऊक होते. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "आन् तिथं ती आग लागली व्हती ना, गिरणीत? टीव्हीत दावली व्हती. पोरं जळली." २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला होता. त्या घटनेला वर्षे लोटली. पण आईच्या मनातली आग वर्षे मोजून विझत नसते.

आम्ही तिला धीर दिला आणि मुलाशी बोलण्याचे वचन दिले. ते वचन आम्ही कसे पाळले, ते सांगताना आजही संकोच वाटतो. उपवासकाळातील दुसऱ्या रविवारी आठच्या मिस्सेला तो आला, गायकवृंदात उभा राहिला, आणि पहिल्या वाचनाच्या वेळी बसल्याबसल्या त्याला झोप लागली. त्याचे डोके शेजारच्या मुलाच्या खांद्यावर कलले. लहान मुले हसली. आम्हांस राग आला. प्रवचनात आम्ही ठरविलेला विषय सोडला आणि अंधाराची चाकरी करून सकाळी प्रकाशाच्या दारात झोपा काढणाऱ्यांविषयी पाच-सात मिनिटे बोललो. नाव घेतले नाही. नाव घेण्याची गरज नव्हती. सर्व माना एकाच दिशेस वळल्या होत्या.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यापुढच्या रविवारीही नाही. त्याची आई येत असे. पण पुढच्या बाकावरून ती मागच्या बाकावर गेली. एकदा दारात गाठून आम्ही विचारले, तर म्हणाली, "तुम्ही बोललात, बरं झालं. पण आता तो माझ्याशीबी बोलत नाय." त्या दिवशी आम्ही घरी येऊन बराच वेळ स्वस्थ बसलो. प्रभूने हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली तेव्हा ते मेंढरू कसे हरवले हे सांगितले नाही. कधी कधी त्याला मेंढपाळच दगड मारून कळपाबाहेर घालवीत असतो की काय, अशी शंका आमच्या मनात आली.

नाट्यगृहे आणि ख्रिस्तसभा यांचा संबंध आम्ही पुस्तकातून शिकलो होतो. तो संबंध सरळ नाही. पहिल्या शतकांतील धर्माचार्यांना रोमन खेळांची किळस होती. तेर्तुल्यानने त्याविरुद्ध स्वतंत्र ग्रंथच लिहिला. संत अगस्तीन यांनी कार्थेज शहरातील आपल्या नाटकवेड्या तारुण्याबद्दल पश्चात्ताप नोंदविला आहे. रंगमंचावरील खोट्या दुःखासाठी आपण रडलो, खऱ्या दुःखासाठी नाही, अशी त्यांची खंत होती. तथापि रोमचे पतन झाल्यावर युरोपात नाटक पुन्हा जन्मले ते वेदीच्या पायरीशीच. दहाव्या शतकात पुनरुत्थानाच्या सणाला मठवासी साधू तीन मरियांच्या रूपाने रिकाम्या कबरीकडे चालत जात, देवदूत त्यांना प्रश्न विचारी आणि त्या उत्तर देत. एवढ्याशा संवादातून पुढे मोठमोठी धार्मिक नाटके उभी राहिली. ज्या आईने मुलाला जन्म दिला, तिनेच पुढे त्याला घराबाहेर काढले. १६७३ साली पॅरिसमध्ये मोलिएर हा थोर नाटककार-नट मरण पावला, तेव्हा नटाला ख्रिस्ती दफन मिळणे कठीण झाले. राजाने मध्यस्थी केली तेव्हा कोठे त्याला रात्रीच्या अंधारात माती मिळाली.

मग काळ पालटला. ७ मे १९६४ रोजी पोप सहावे पौल यांनी सिस्टीन चॅपेलमध्ये कलावंतांना बोलावले आणि तुटलेली मैत्री पुन्हा जोडण्याची इच्छा व्यक्त केली. नाझींच्या अमलाखाली क्राकोव शहरात चोरून नाटके करणाऱ्या मंडळीतील एक तरुण नट पुढे पोप दुसरे जॉन पॉल झाला, आणि १९९९ च्या पुनरुत्थानाच्या सणाला त्याने जगातील कलावंतांना पत्र लिहिले. नटांचा आश्रयदाता म्हणून आपण संत जेनेसियस यांचे नाव घेतो. परंपरा सांगते की ते स्वतः रोमन नट होते, बाप्तिस्म्याची टिंगल करणाऱ्या प्रयोगात काम करता करताच त्यांचे मन पालटले. हे सर्व आम्ही परीक्षेत लिहिले होते आणि गुणही मिळविले होते. पण खर्डीच्या एका पोराला झोप लागली, तेव्हा त्यातले एकही वाक्य आम्हांस आठवले नाही.

शेवटी आम्ही त्याला निरोप धाडला: 'शनिवारी येतो. तुझे काम पाहायचे आहे.' दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आले, 'या फादर. दुपारी या, म्हणजे सगळं दिसेल.'

करी रोड स्थानकावर उतरून आम्ही पायी निघालो. हा भाग म्हणजे गिरणगाव. येथे एके काळी भोंग्यावर दिवस उगवत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांतील बहुतेकांच्या हाताला पुन्हा ते काम लागले नाही. आता त्या चिमण्यांच्या पायथ्याशी काचेचे मनोरे आहेत. पण गिरणगावात केवळ सूत निघत नव्हते. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह परळला १९२२ साली उभे राहिले. दिवसभर यंत्रापाशी उभा राहिलेला कामगार रात्री तेथे नाटक पाही आणि स्वतःही करी. कोकणातून आलेले नमन, दशावतार, शाहिरी, भजन या सर्वांना त्या एका छपराखाली जागा होती. ते नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा नाट्यकर्मींनी आंदोलन केले. एका छपराखाली अनेक कला नांदवणे ही काही नवी विलायती कल्पना नव्हे, हे त्या रस्त्याने चालताना ध्यानी आले.

त्यातही आपल्या समाजाचा वाटा थोडा नाही. ज्या १८९२ साली तानसाचे पाणी मुंबईला आले, त्याच साली १७ एप्रिलला लुकाझिन्यो रिबेरो यांनी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात पहिले कोंकणी तियात्र सादर केले. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकलेली मुले मुंबईस आली आणि येथील हॉटेलांत, नाचघरांत, सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली. ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजविणारे चिक चॉकलेट यांचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणणारा वाद्यवृंद उभारला. या मंडळींच्या शनिवारच्या रात्री कशा जात असतील आणि रविवारची मिस्सा त्यांना कशी गाठावी लागत असेल, याचा विचार आम्ही पूर्वी कधी केला नव्हता.

गिरण्यांच्या आवारात संगीतगृहे आली ती अलीकडे. मथुरादास मिलमध्ये २००७ साली 'ब्ल्यू फ्रॉग' सुरू झाले आणि २०१६ साली बंद पडले. तेवढ्या काळात देशोदेशीचे वादक तेथे वाजवून गेले. त्याच वळणाच्या एका जागी आम्ही दुपारी एकच्या सुमारास पोहोचलो.

आत शिरल्यावर प्रथम काहीच दिसेना. काळ्या भिंती, काळे छत, काळी जमीन. रंगायतनात असतो तसा मखमली पडदा नाही, सज्जा नाही, ठरलेला रंगमंचही नाही. सकाळी लहान मुलांचे नाटक झाले होते. जमिनीवर रंगीत कागदाचे तुकडे पडले होते आणि तीन-चार माणसे चटया गुंडाळीत होती. त्यांपैकी एक आमचा मुलगा होता. आम्हांस पाहून तो पुढे आला, क्षणभर थबकला आणि मग म्हणाला, "जेवलात का फादर?" त्या एका प्रश्नाने आमचे निम्मे बोलणे संपले.

त्या दिवशी आम्ही त्या एका खोलीला तीनदा रूप पालटताना पाहिले. दुपारी चटया गेल्या आणि लाकडी पायऱ्या आल्या. त्यांवर खुर्च्या लागल्या. हा मुलगा उंच शिडीवर चढून एकेक दिवा फिरवीत होता आणि खालून दुसरा त्याला सांगत होता, थोडा डावीकडे, आणखी थोडा. सहा वाजता मराठी नाटक झाले. दोनच पात्रे, म्हातारा बाप आणि परदेशाहून परतलेली मुलगी. प्रेक्षक साठ-सत्तर असतील. शेवटी बाप एकटा उरतो आणि त्याच्यावरचा प्रकाश इतका हळू मावळतो की तो केव्हा गेला ते कळत नाही. तो प्रकाश आमच्या मुलाच्या बोटांखाली होता. पतंगाच्या निळ्या कागदाची आम्हांस आठवण झाली.

साडेआठला पायऱ्या निघाल्या, खुर्च्या घड्या घालून भिंतीशी गेल्या, आणि जेथे बाप बसला होता तेथे मोकळी जमीन झाली. बाजूच्या कट्ट्यावर बाटल्या मांडल्या गेल्या. आम्ही त्या बाटल्यांकडे पाहत होतो, हे त्याच्या लक्षात आले.

"फादर, एक सांगू?" तो म्हणाला. "सकाळच्या मुलांच्या नाटकातून खर्च निघत नाही. आत्ताच्या नाटकाला किती माणसं होती, तुम्ही पाहिलीत. आठवडाभराचं भाडं, वीज, आमचे पगार, सगळं या शनिवारच्या रात्रीतून निघतं. ही रात्र नसेल तर ते नाटक पण नाही."

आम्ही गप्प राहिलो. सेमिनरीत असताना आम्ही 'एकच प्याला' पाहिले होते. ज्यांचे नाव ठाण्याच्या रंगायतनास दिले आहे त्या गडकऱ्यांचे ते नाटक. १९१९ च्या जानेवारीत ते वारले आणि त्यानंतर ते रंगभूमीवर आले. एका पेल्याने सुधाकराचा संसार कसा बुडाला, हे पाहून आम्ही सुन्न झालो होतो. आता येथे त्याच पेल्यावर नाटकाचा संसार चालला होता. यावर काय बोलावे? आम्ही फक्त विचारले, "आणि तू?"

"बाबांना पाहिलंय मी," तो म्हणाला. त्यापुढे तो काही बोलला नाही आणि आम्हीही विचारले नाही.

मग तो म्हणाला, "या, तुम्हांला एक दाखवतो," आणि आम्हांस मागच्या भिंतीकडे घेऊन गेला. काळ्या पडद्याआड एक लोखंडी दार होते. वर हिरव्या अक्षरांचा दिवा. त्याने आडवा दांडा दाबला आणि दार बाहेर उघडले; समोर आवाराचा मोकळा रस्ता. "आईला आगीची भीती वाटते ना? तिला सांगा, दर शनिवारी माणसं आत यायच्या आधी हे दार मी स्वतः उघडून पाहतो. समोर खुर्च्या नाहीत, खोकी नाहीत, कडी नाही, हे बघतो. मला कुणी सांगितलेलं नाही. मीच करतो." बाजूच्या भिंतीवर आग विझवण्याची लाल नळकांडी होती, तिच्यावरची तारीखही त्याने दाखविली.

आम्ही त्या दाराच्या उंबऱ्यावर उभे राहिलो. वर्षभर ज्या मुलाला आम्ही अंधाराचा चाकर समजत होतो, तो त्या अंधारात इतरांसाठी बाहेर पडायचे दार मोकळे ठेवीत होता. धर्मगुरूचे काम याहून फार वेगळे असते काय?

दहा वाजता माणसे येऊ लागली. आम्ही तासभर थांबलो. खोटे कशास सांगावे, ते संगीत आम्हांस आवडले नाही. त्याचा ठेका कानाला न लागता थेट छातीवर आदळतो. पण जमलेली माणसे काही राक्षस नव्हती. दिवसभर संगणकापुढे बसलेली, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी, आमच्या पुतण्या-भाच्यांच्या वयाची मुलेमुली डोळे मिटून नाचत होती. वाईटही दिसले, ते लपवीत नाही. एका तरुणाला दोघांनी धरून टॅक्सीत बसविले, त्याला स्वतःचा पत्ताही सांगता येत नव्हता. एक मुलगी पायरीवर बसून रडत होती. आमचा मुलगा आतून पाण्याची बाटली घेऊन आला, तिच्याजवळ ठेवली आणि एक शब्दही न बोलता पुन्हा कामावर गेला. मूठभर माणसे जेथे हसतात तेथे एखादे माणूस रडतच असते, आणि त्याच्याजवळ पाणी ठेवणारा कुणी तरी हवा असतो.

दारूविषयीचे आमचे मत बदललेले नाही. ती आम्ही फार घरांतून पाहिली आहे, आणि शहापूरच्या वाड्यांवर तिने केलेले दहन कोणत्याही नाट्यगृहाच्या भाड्याने भरून निघणारे नाही. पण वाचकहो, बोट दाखविण्यापूर्वी आपण आपल्या मांडवाकडेही पाहावे. आपल्या लग्नात, बाप्तिस्म्याच्या जेवणात, नाताळच्या नाचात काय वाढले जाते? चर्चचा जो हॉल सकाळी धर्मशिक्षणाच्या वर्गाला देतो, तोच संध्याकाळी लग्नाला भाड्याने जातो, आणि त्या भाड्यातून छपराची दुरुस्ती होते. ते छप्पर आम्ही स्वतः दुरुस्त करून घेतले आहे. गिरणीतील त्या खोलीचा हिशेब आणि आपला हिशेब एका वहीत लिहिण्यासारखा नसेल. पण दोन्ही वह्या एकाच शाईने लिहिल्या आहेत, एवढे मान्य करावयास काय हरकत आहे?

रात्रीचा आवाज हाही प्रश्न आहेच. धोबीतलावच्या रंगभवनात १९७८ साली जॅझ यात्रा झाली. खुल्या आकाशाखालचे ते रंगमंदिर रसिकांना प्राणप्रिय होते. पण शेजारी संत झेवियर महाविद्यालय आणि रुग्णालये. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तेथील मैफली थांबल्या. रसिकांची हळहळ खरी होती. त्याचबरोबर रुग्णाची झोपही खरी होती. एकाचे सुख दुसऱ्याच्या उशाशी जाऊन बसू नये, यासाठी नियम लागतात. आणि नियम पाळणारी, मागचे दार तपासणारी माणसेही लागतात.

अकराच्या सुमारास आम्ही निघालो. दादरला येऊन मध्यरात्रीची शेवटची कसारा गाडी पकडली. डब्यात बसावयास जागा होती. पण बाकडे कठीण आणि वारा झोंबणारा. कल्याणनंतर डब्यात सातजण उरले. दोघे हॉटेलातले वेटर, एक इस्पितळातील मुलगी, एक पहारेकरी, त्याच्या गणवेषाची टोपी मांडीवर. आसनगावला चौघे उतरले. खर्डीस पोहोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. अंथरुणावर पडलो; डोळा लागतो न लागतो तोच गजर झाला.

आणि आठच्या मिस्सेत, पहिल्या वाचनाच्या वेळी आसनावर बसलो असता, आम्हांस झोप लागली.

क्षणभरच लागली असेल. वेदीसेवक मुलाने झग्याची बाही ओढली तेव्हा आम्ही दचकून उठलो. वाचिका वाचन संपवून केव्हाची बाजूला झाली होती आणि सारे मंदिर वाट पाहत होते. यावेळी लहान मुले हसली नाहीत. मागच्या बाकावर त्या मुलाची आई बसली होती, तिने मान खाली घातली. शेवटच्या खांबाशी तो मुलगाही उभा होता. पहाटेच्या पहिल्या गाडीने आला असावा. तो येईल असे तो आम्हांस बोलला नव्हता.

त्या दिवशी प्रवचन थोडक्यात आटोपले. आम्ही सांगितले, की तीन आठवड्यांपूर्वी येथून आम्ही एका मुलाविषयी बोललो होतो, आणि ते बोलणे चुकीचे होते. काल रात्री आम्ही त्याच्या गाडीने आलो आणि आज त्याच्यासारखेच पेंगलो. ज्या ठिकाणाहून अपमान केला त्याच ठिकाणाहून क्षमा मागितली पाहिजे, म्हणून मागतो. एवढेच. नंतर विश्वासांगीकार म्हटला, तेव्हा आमचा आवाज नीट निघत नव्हता.

मिस्सा संपल्यावर तो मागच्या मागे निघून गेला नाही. ओसरीवर आला आणि म्हणाला, "फादर, तुमचा माईक खरखरतोय. बघू का?" आम्ही 'बघ' म्हटले. त्याची आई पायरीवर बसून होती. आम्ही तिला त्या लोखंडी दाराविषयी सांगितले: तो ते कसे उघडून पाहतो, नळकांडीवरची तारीख कशी वाचतो. तिने ते दोनदा विचारून घेतले. "भायेर उघडतं ना?" तिने पुन्हा विचारले. "बाहेरच उघडते," आम्ही म्हणालो.

त्या रात्रीच्या गाडीतील माणसे आमच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. आपल्या धर्मग्रामातील किती कुटुंबांत शनिवारची रात्रपाळी आहे, याची आम्ही पहिल्यांदाच घरोघर चौकशी केली. ज्यांना आम्ही इतकी वर्षे आळशी, उदासीन, श्रद्धेत सैल म्हणत आलो, त्यांतील कित्येक त्या वेळी दुसऱ्यांच्या रुग्णांना औषध देत होते, दुसऱ्यांची भांडी घाशीत होते, दुसऱ्यांच्या दाराशी जागत होते. पुनरुत्थानाच्या सणानंतर आम्ही रविवारी सायंकाळी पाचची आणखी एक मिस्सा सुरू केली. पहिल्या दिवशी अकरा माणसे आली. आजही पंधरा-वीसच्या वर जात नाहीत. तो मुलगा कधी येतो, कधी येत नाही. आला तर गायकवृंदात उभा राहतो आणि आता जागा असतो.

मंदिराचे मागचे दार पूर्वी आतून कडी घालून बंद असे. त्याच्यापुढे जुनी बाके आणि नाताळच्या गोठ्याचे सामान रचलेले असे. एका रविवारी पाचच्या मिस्सेआधी तो मुलगा ते सामान एकट्यानेच हलवीत होता. आम्ही विचारले, "काय करतोस?" तो म्हणाला, "काही नाही फादर. दार उघडतं का बघतो."

उघडत नव्हते. बिजागरी गंजली होती. आता तेल घातले आहे.